संगणक-सल्ला : त्या वेळी त्या पीसीवर कोण होतं?

इंदूरच्या एका वाचकाचं सविस्तर पत्र या खेपेस आलं. त्याच विषयाला लागून असलेले वडोदरा आणि ग्वाल्हेरचे प्रश्नही हाताशी होते, म्हणून या अंकातलं सदर लॉगिनच्या नोंदींनाच देते आहे.

प्रश्न : ताई, नमस्कार. मी इंदुरात एका शिक्षणसंस्थेच्या कार्यालयात कॉम्प्युटर विभाग सांभाळतो. साठेक पीसी आहेत, सगळे विंडोज १० किंवा ११ प्रो. एक सर्व्हर, त्यावरच डोमेन (सगळ्या पीसींची आणि खात्यांची एकत्र व्यवस्था). मध्यंतरी फीच्या पावत्यांत गोंधळ झाला, तेव्हा ‘त्या वेळी त्या पीसीवर कोण होतं’ हे कोणालाच सांगता आलं नाही. मग व्यवस्थापनाने लॉगिनची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर घेतलं. त्याचा एक छोटा एजंट, म्हणजे मागे चालणारा प्रोग्राम, प्रत्येक पीसीवर बसवायचा आहे. विकणाऱ्यांनी एमएसआय, म्हणजे सॉफ्टवेअर बसवायची फाइल दिली आणि ‘ग्रुप पॉलिसीने टाका’ (सर्व्हरवरून सगळ्या पीसींना एकदम नियम लावायची सोय) एवढं सांगून मोकळे झाले. मी सर्व्हरवर फोल्डर शेअर केलं, ‘डोमेन युजर्स’ना वाचायची परवानगी दिली, पॉलिसी बनवली. एकाही पीसीवर एजंट बसला नाही. मी स्वतः कुठल्याही पीसीवर बसून ती फाइल उघडतो तर बिनतक्रार उघडते! शेवटी फोल्डरवर ‘एव्हरीवन, फुल कंट्रोल’ दिलं, तेव्हा काही पीसींवर बसला. बाकीचे पीसी रोज संध्याकाळी बंद होतात, सकाळी सुरू होतात, जीपीअपडेट (पॉलिसी ताजी करायची आज्ञा) चालवून झालं, तरी एजंटचा पत्ता नाही. नवीन घेतलेले पीसी तर पॉलिसीला ओळखच देत नाहीत. काय करू?
– एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : आधी ते ‘एव्हरीवन, फुल कंट्रोल’ काढा. आजच काढा, बाकीचं नंतर. ग्रुप पॉलिसीने येणारं सॉफ्टवेअर पीसी सुरू होताना, कोणी लॉगिन करायच्या आधी, ‘सिस्टिम’च्या अधिकाराने बसतं. त्या पीसीवर त्याहून मोठा अधिकार नाही. म्हणजे आज तुमच्या कार्यालयातला कोणीही, किंवा कोणाच्या तरी पीसीत शिरलेला व्हायरस, त्या फोल्डरमधली एमएसआय उचलून त्याच नावाची दुसरी फाइल तिथे ठेवू शकतो. मग जिथे जिथे एजंट अजून बसायचा आहे तिथे ती दुसरीच वस्तू सगळ्यात वरच्या अधिकाराने बसेल. कोण कुठे बसलं हे कळावं म्हणून केलेली सोय सगळ्या कार्यालयाला भोवेल. मला तुमच्या पत्रात सगळ्यात काळजीची वाटली ती हीच ओळ.

आता फाइल तुमच्यासाठी उघडते आणि पीसीसाठी का उघडत नाही ते बघू. डोमेनला जोडलेल्या प्रत्येक पीसीचं ॲक्टिव्ह डिरेक्टरीत, म्हणजे डोमेनच्या खात्यांच्या यादीत, स्वतःचं खातं असतं. पीसीचं नाव ‘लेखा०३’ असेल तर खात्याच्या नावाच्या शेवटी डॉलरचं चिन्ह लागतं: ‘लेखा०३$’. त्या खात्याला पासवर्ड असतो आणि एरवी दर ३० दिवसांनी पीसी तो आपणहून बदलतो. सुरू होताना तुमची एमएसआय आणायला सर्व्हरकडे जातं ते हे खातं. त्या क्षणी तुम्ही लॉगिन केलेलंच नसतं, तुमच्या परवानगीचा त्याला काय उपयोग? ‘डोमेन युजर्स’ या गटात माणसांची खाती येतात, पीसींची येत नाहीत. पीसींचा गट वेगळा, त्याचं नाव ‘डोमेन कॉम्प्युटर्स’. ‘एव्हरीवन’मध्ये दोन्ही येतात, म्हणून तुमचा उपाय लागू पडल्यासारखा दिसला.

तेव्हा ‘डोमेन कॉम्प्युटर्स’ला फक्त वाचायची परवानगी द्या. ती शेअरच्या टॅबमध्येही हवी आणि सिक्युरिटीच्या टॅबमध्येही, कारण दोन्ही ठिकाणांपैकी जिथे कमी असेल तेच चालतं. बदल करायचा अधिकार तुमच्या व्यवस्थापक गटापुरता ठेवा. पॉलिसीत पॅकेजचा रस्ता देताना सर्व्हरच्या पूर्ण नावाने द्या, दोन उलट्या तिरप्या रेघांनी सुरू होणारा. बरेच जण सर्व्हरवर बसूनच पॅकेज जोडतात आणि डी ड्राइव्हवरून फाइल निवडतात. मग प्रत्येक पीसी आपापल्या डी ड्राइव्हवर ती शोधत बसतो. आयपी पत्ताही नको, नाव दिलं की ओळखपाळख कर्बेरोसने (डोमेनची ओळख पटवायची पद्धत) होते.

परवानगी खरंच पोचली का हे स्वतःच्या लॉगिनने तपासू नका, त्यातूनच तुमचा घोळ झाला. मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचात पीएसएक्झेक नावाचं फुकट साधन आहे. ते ‘एस’ हा पर्याय देऊन चालवलं की कमांडची काळी खिडकी ‘सिस्टिम’च्या नावाने उघडते. त्या खिडकीतून शेअर फोल्डरची यादी मागवा. आली तर पीसीला दिसतं. ‘ॲक्सेस इज डिनाइड’ आलं तर अजून नाही. या तपासणीला मिनिटभर लागतं आणि अर्धा दिवस वाचतो.

नवीन पीसी पॉलिसी ओळखत नाहीत त्याचं कारण बहुतेक त्यांचं राहण्याचं ठिकाण. पीसी डोमेनला जोडला की त्याचं खातं आपोआप ‘कॉम्प्युटर्स’ नावाच्या जागी जाऊन पडतं. ते दिसतं फोल्डरसारखंच, पण ते ऑर्गनायझेशनल युनिट (पॉलिसी जोडता येईल असा खात्यांचा कप्पा) नव्हे, साधा कंटेनर आहे. त्याला ग्रुप पॉलिसी जोडताच येत नाही. संपूर्ण डोमेनला जोडलेली पॉलिसी तेवढी तिथपर्यंत पोचते. तेव्हा ते पीसी उचलून योग्य युनिटमध्ये ठेवा. पुढच्या खरेदीच्या वेळी हा व्याप नको असेल तर ‘रीडिरसीएमपी’ या आज्ञेने नव्या पीसींचं मुक्कामाचं ठिकाण कायमचं बदलता येतं. एक आणखी बघा: तुम्ही पॉलिसी ‘लेखा विभाग’ अशा युनिटला जोडली असेल आणि त्यात फक्त कर्मचाऱ्यांची खाती असतील, तर पॉलिसीतला कॉम्प्युटरचा भाग कोणालाच लागणार नाही. ज्या युनिटमध्ये पीसींची खाती आहेत तिथेच ती जोडायची.

आता ‘रोज बंद होतात, रोज सुरू होतात’ या वाक्याकडे येते. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ आलं. ते चालू असताना ‘शट डाउन’ केलं की विंडोजचा गाभा बंद होत नाही, तो डिस्कवर लिहून ठेवला जातो आणि सकाळी तिथूनच उचलला जातो. पडदा काळा होतो, पंखा थांबतो, माणसाला वाटतं पीसी बंद झाला. पण ग्रुप पॉलिसीच्या दृष्टीने तो सुरूच झालेला नसतो, त्यामुळे सुरुवातीला करायची कामं, म्हणजे सॉफ्टवेअर बसवणं आणि स्टार्टअप स्क्रिप्ट, राहून जातात. ‘रीस्टार्ट’ केलं तर मात्र पूर्ण सुरुवात होते. हे ऐकायला उलटं वाटतं, पण असंच आहे. ज्या पीसींवर एजंट बसला ते कोणी ना कोणी रीस्टार्ट केलेले असणार, विचारून बघा.

हे बंद करायला पॉलिसीत ‘रिक्वायर यूज ऑफ फास्ट स्टार्टअप’ नावाची सेटिंग दिसते आणि सगळे तीच ‘डिसेबल्ड’ करून निश्चिंत होतात. तिचं वर्णन नीट वाचा. डिसेबल केलं तर पीसीवरची स्थानिक सेटिंग चालते, आणि स्थानिक सेटिंग बहुधा चालूच असते. खरा उपाय ग्रुप पॉलिसीच्या ‘प्रेफरन्सेस’मधून रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात) करायचा. सेशन मॅनेजरच्या आतल्या ‘पॉवर’ या किल्लीत ‘हायबरबूटएनेबल्ड’ नावाचं मूल्य असतं, ते ० करा. हा बदल पीसी चालू असतानाही पोचतो, त्याला सुरुवातीची वाट बघावी लागत नाही.

जीपीअपडेटने एजंट का आला नाही, हेही यातच आलं. पॉलिसी दर ९० मिनिटांनी, वर शून्य ते ३० मिनिटांचा फरक धरून, मागच्या मागे ताजी होत असते आणि जीपीअपडेट तेच लगेच करतं. पण सॉफ्टवेअर बसवणं हे मागच्या मागे होणारं काम नाही. ‘फोर्स’ लावून जीपीअपडेट चालवलं की शेवटी रीस्टार्ट करू का असं विचारलं जातं. तिथे ‘एन’ दाबलं की काम तिथेच थांबलं.

त्यानंतर नेटवर्क. विंडोज प्रो एरवी नेटवर्कची वाट न बघता लॉगिनचा पडदा दाखवतं, लोकांना पीसी भराभर सुरू झालेला आवडतो म्हणून. कॉम्प्युटरच्या भागात, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, सिस्टिम, लॉगऑन इथे ‘ऑलवेज वेट फॉर द नेटवर्क ॲट कॉम्प्युटर स्टार्टअप अँड लॉगऑन’ ही सेटिंग आहे, ती चालू करा. एवढं करूनही एखाद्या मजल्यावरचे पीसी हट्ट धरून बसले तर त्या मजल्याचा स्विच बघा. व्यवस्थापन करता येणाऱ्या स्विचवर स्पॅनिंग ट्री (नेटवर्कमध्ये माहिती गोल फिरत राहू नये यासाठीची सोय) जुन्या पद्धतीने चालत असेल, तर केबलला जीव आल्यावर पोर्ट १५ सेकंद ऐकतो, १५ सेकंद शिकतो आणि मगच माहिती पुढे सोडतो. ही ३० सेकंदं पीसीला पुरतात नेटवर्क नाही असं ठरवायला, एसएसडी असलेल्या पीसीला तर नक्कीच. पीसी लागलेल्या पोर्टांवर पोर्टफास्ट किंवा एज पोर्ट ही थांबा टाळणारी सेटिंग चालू करा. जे पीसी वायफायच्या डोंगलवर आहेत त्यांना लॉगिनच्या आधी नेटवर्क मिळेलच असं नाही. एजंट बसेपर्यंत त्यांना केबल लावा, हे सगळ्यात सोपं.

आणि पीसीच्या नेटवर्क सेटिंगमध्ये डीएनएस (नावावरून पत्ता शोधून देणारा सर्व्हर) म्हणून काय लिहिलंय? इंटरनेटवाल्याने बसवलेला राउटर पत्ते वाटत असेल तर तो स्वतःचा किंवा बाहेरचा डीएनएस देतो. गुगलच्या ८.८.८.८ या डीएनएसला तुमचा डोमेन कंट्रोलर (डोमेन सांभाळणारा सर्व्हर) कुठे आहे हे माहीत असायचं कारण नाही. ‘पहिला आपला, दुसरा गुगलचा’ अशी जोडीही नको. विंडोज एकदा दुसऱ्याकडे गेलं की बराच वेळ तिथेच राहतं. पीसीला डीएनएस फक्त डोमेन कंट्रोलरचा द्या, बाहेरचं काय शोधायचं ते सर्व्हर शोधील.

यातलं कुठलं कारण कोणत्या पीसीला लागू, हे अंदाजाने ठरवू नका. हट्टी पीसीवर विंडोजच्या नोंदी दाखवणारा इव्हेंट व्ह्यूअर उघडा. सिस्टिमच्या नोंदींत १०८५ क्रमांकाची नोंद सापडली आणि तिच्या पोटात १२७४ हा आकडा असला, तर त्याचा अर्थ एवढाच की हे काम सुरुवातीलाच, नेटवर्कसह करावं लागेल, आता नाही. रीस्टार्ट करा. नोंदींत १०८ आणि सोबत १६१२ असेल तर फाइलपर्यंत पोचताच आलं नाही: परवानगी किंवा रस्ता. सिस्टिममध्ये ११२९ असेल तर डोमेन कंट्रोलरशी संपर्कच झाला नव्हता. आणि यातलं काहीच नसेल, तर पॉलिसी त्या पीसीला लागूच नाही. व्यवस्थापकाच्या अधिकाराने जीपीरिझल्ट (कोणती पॉलिसी लागली ते सांगणारी आज्ञा) चालवून त्याचा एचटीएमएल अहवाल काढा, त्यात कॉम्प्युटरच्या भागात तुमच्या पॉलिसीचं नाव आहे का, आणि नसेल तर नाकारल्याचं कारण काय, ते लिहिलेलं असतं.

एक शेवटचं. एजंटला तुमच्या सर्व्हरचा पत्ता सांगणारी एमएसटी फाइल मिळाली असेल तर पॅकेज जोडताना ‘ॲडव्हान्स्ड’ निवडून तेव्हाच ती लावावी लागते. पॅकेज एकदा तयार झालं की मागाहून लावता येत नाही, काढून पुन्हा जोडावं लागतं. म्हणून आधी चार-पाच पीसींचं वेगळं युनिट करा, तिथे सगळं सुरळीत दिसलं की मगच पुढे जा.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेत डोमेन कंट्रोलरच्या सिक्युरिटी लॉगमध्ये ४६२४ क्रमांकाच्या, म्हणजे लॉगिन झाल्याच्या, ढिगाने नोंदी दिसतात. कोण कधी आलं ते त्यात आहेच. मग प्रत्येक पीसीवर वेगळी नोंद कशाला?
– एक वाचक, डांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : कारण डोमेन कंट्रोलरला माणूस आलेला कळतो, गेलेला कळत नाही. सकाळी कर्मचारी आपल्या पीसीवर पासवर्ड देतो तेव्हा कंट्रोलरकडे कर्बेरोसचं तिकीट मागितलं जातं, त्याची नोंद ४७६८. पुढे पीसी पॉलिसीच्या फाइली आणायला कंट्रोलरच्या शेअरवर जातो, ती ४६२४, पण प्रकार ३, म्हणजे नेटवर्कवरून. काम झालं की ते कनेक्शन थोड्या वेळात सुटतं आणि ४६३४ ही लॉगऑफची नोंद पडते. ती पाहून ‘हा तर आल्या आल्या निघून गेला’ असा निष्कर्ष काढलेला मी पाहिला आहे. माणूस संध्याकाळपर्यंत तिथेच बसलेला होता.

खुर्चीवर बसून केलेल्या लॉगिनचा प्रकार २. तो पीसीच्या स्वतःच्या सिक्युरिटी लॉगमध्येच उमटतो. लॉक केलेला पडदा उघडला की प्रकार ७, रिमोट डेस्कटॉपने आलं की १०. प्रकार ११ मुद्दाम लक्षात ठेवा: नेटवर्क नसताना जुन्या साठवलेल्या पासवर्डावर झालेलं लॉगिन. वसुलीला लॅपटॉप घेऊन गेलेल्या माणसाचं लॉगिन असं होतं आणि कंट्रोलरला ते कधीच कळत नाही. पीसीवरच्या प्रकार २ मध्ये डीडब्ल्यूएम-१, यूएमएफडी-० अशी नावंही दिसतील. ती विंडोजचीच अंतर्गत खाती आहेत, घाबरू नका, गाळून टाका. आणि व्यवस्थापकाचा अधिकार असलेल्या खात्याने एकदा लॉगिन केलं तरी ४६२४ दोनदा पडते, एक साध्या अधिकाराची, एक वाढीव.

चांगल्या एजंटचा खरा उपयोग वीज गेल्यावर दिसतो. माणसाने स्वतः लॉगऑफ केलं तर ४६४७ पडते. युपीएस दमला आणि पीसी धाडकन बंद झाला तर काहीच पडत नाही, पुढच्या वेळी सुरू होताना सिस्टिममध्ये ६००८ तेवढी दिसते. ठरावीक वेळाने ‘मी चालू आहे’ असं सर्व्हरला कळवत राहणारा एजंट असेल, तर तो गप्प झाल्याची वेळ हीच सत्र संपल्याची वेळ धरता येते.

प्रश्न : आमच्याकडे एजंटसाठी पैसे नाहीत. सध्या लॉगिन स्क्रिप्टने शेअरवरच्या एका टेक्स्ट फाइलमध्ये नाव, पीसी आणि वेळ लिहून घेतो. हे पुरेसं आहे का?
– एक वाचिका, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : हजेरीचा अंदाज घ्यायला ठीक, पुरावा म्हणून नाही. स्क्रिप्ट कर्मचाऱ्याच्याच अधिकाराने चालते, म्हणजे त्या फाइलमध्ये लिहायचा अधिकार प्रत्येकाला द्यावा लागतो, आणि ज्याला लिहिता येतं तो खोडूही शकतो. शिवाय पडदा लॉक झाला, उघडला, चुकीचा पासवर्ड पडला, यातलं काही तिथे येत नाही.

पैसे न घालता याहून खूप चांगलं होऊ शकतं, ते विंडोजमध्येच आहे: इव्हेंट फॉरवर्डिंग. प्रत्येक पीसी आपल्या लॉगमधल्या निवडक नोंदी तुमच्या सर्व्हरकडे पाठवतो. ग्रुप पॉलिसीतून तीन-चार गोष्टी कराव्या लागतात. ॲडव्हान्स्ड ऑडिट पॉलिसीत लॉगऑन, लॉगऑफ आणि ‘अदर लॉगऑन/लॉगऑफ इव्हेंट्स’ चालू करा. हे तिसरं विसरलं की लॉकची ४८०० आणि उघडल्याची ४८०१ कधीच येत नाहीत. सोबत सिक्युरिटी ऑप्शन्समध्ये उपप्रकारांच्या सेटिंगला वरचढ ठरवणारी ‘फोर्स ऑडिट पॉलिसी सबकॅटेगरी’ चालू ठेवा, नाहीतर जुन्या पद्धतीची ऑडिट पॉलिसी कुठे तरी लागलेली असेल तर ती यावर पाणी फिरवते. मग विनआरएम (पीसी आणि सर्व्हरमधला दुरून संवाद सांभाळणारी) सेवा चालू करा आणि ‘टार्गेट सबस्क्रिप्शन मॅनेजर’मध्ये सर्व्हरचा पत्ता द्या. बहुतेकांची गाडी यानंतर अडते: बाकीचे लॉग येतात, सिक्युरिटीचा येत नाही. नोंदी पाठवणारी सेवा ‘नेटवर्क सर्व्हिस’ या खात्याने चालते आणि त्याला सिक्युरिटी लॉग वाचायची मुभा नसते. प्रत्येक पीसीच्या ‘इव्हेंट लॉग रीडर्स’ गटात ‘नेटवर्क सर्व्हिस’ घाला, तेही पॉलिसीनेच, आणि पीसी एकदा रीस्टार्ट करा.

सर्व्हरवर सबस्क्रिप्शन (कोणत्या नोंदी मागवायच्या ते ठरवणं) करताना ‘नॉर्मल’ निवडलं तर नोंदी यायला १५ मिनिटंही लागू शकतात, ‘मिनिमाइझ लेटन्सी’ निवडलं तर ३० सेकंद. छोट्या कार्यालयात दुसरं घ्या. पीसीवरच्या सिक्युरिटी लॉगची मर्यादा एरवी २० एमबी असते, ती वाढवा. सर्व्हर काही दिवस बंद राहिला तरी साठलेल्या नोंदी नंतर येतात, पण तोवर जुन्या नोंदींवर नव्या लिहिल्या गेल्या नसल्या तरच.

माझं मत विचाराल तर कोण, कुठे, कधी एवढंच हवं असेल तर हे पुरतं. ‘आत्ता कोण कुठे बसलंय’ हे एका पडद्यावर हवं, किंवा एकाच खात्याने दोन ठिकाणी बसता येऊ नये असं हवं, तर एजंटचा विचार करा.

प्रश्न : मी एका संस्थेत काउंटरवर काम करते. आमच्या पीसीवर काहीतरी बसवलंय आणि आता आम्ही कधी येतो, कधी उठतो ते सगळं कळतं म्हणे. आम्हाला कोणी काही सांगितलं नाही. माझा पासवर्ड यात दिसतो का? काय टाइप करते तेही दिसतं का? फार अवघडल्यासारखं होतं.
– एक वाचिका, रामबाग, इंदूर

उत्तर : तुम्हाला कोणी सांगितलं नाही हे चुकलंच. तांत्रिक काम कितीही नीट झालेलं असो, एका पानाची सूचना कर्मचाऱ्यांच्या हातात पडायला हवी होती: काय नोंदलं जातं, कोण बघतं, किती दिवस ठेवतात. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्यात नोकरीच्या कामासाठी आणि मालकाचं नुकसान टाळण्यासाठी अशा माहितीच्या वापराला जागा दिलेली आहे. पण कायद्याने चालतं म्हणून न सांगता करावं, हे मला पटत नाही. मी ज्या कार्यालयांची नेटवर्क बघते तिथे ही सूचना लागल्याशिवाय एजंट बसवायला घेत नाही.

लॉगिनच्या नोंदीत असतं ते असं: खात्याचं नाव, डोमेन, वेळ, लॉगिनचा प्रकार, पीसीचं नाव, बाहेरून आलं असल्यास तिथला पत्ता. तुम्ही काय टाइप केलं, कोणती पानं उघडली, यातलं काही त्यात येत नाही. असं टिपणारी वेगळी सॉफ्टवेअरं असतात, तुमच्याकडे कोणतं बसवलंय हे संगणक विभागाला लेखी विचारा. 

पासवर्डही नोंदीत नसतो. मात्र एक सांभाळा. घाईत नावाच्या चौकटीतच पासवर्ड टाइप करून एंटर दाबलं जातं ना? तेव्हा फसलेल्या लॉगिनची ४६२५ ही नोंद पडते आणि तिच्यात ‘खात्याचं नाव’ म्हणून तुमचा पासवर्ड जसाच्या तसा उमटतो. पुढच्याच मिनिटाला तुमच्या खऱ्या नावाने लॉगिन झाल्याची नोंद असते, म्हणजे तो कोणाचा हेही लागलीच कळतं. असं झालं तर त्याच दिवशी पासवर्ड बदला. आणि म्हणूनच या नोंदी वाचायचा अधिकार एक-दोन माणसांपुरताच असायला हवा.

ही नोंद तुमच्या बाजूनेही बोलते, हे मी जवळून पाहिलं आहे. एका कार्यालयात काउंटरवरच्या बाईंच्या खात्याने दुपारी १.४६ ला एक पावती रद्द झाली. बाई म्हणत होत्या, मी डबा खायला गेले होते. कोणी ऐकेना. त्यांच्या पीसीचा लॉग मी काढला. १.३१ ला ४८००, पडदा लॉक. २.०८ ला ४८०१, पडदा उघडला. मधल्या वेळात त्या पीसीवर कोणीही बसलेलं नव्हतं. मग त्याच खात्याच्या इतर पीसींवरच्या नोंदी शोधल्या, तर आतल्या खोलीतल्या पीसीवर १.४२ ला ४६२४, प्रकार २. म्हणजे कोणी तरी तिथे खुर्चीत बसून बाईंच्या नावाने आत गेलं होतं. बाईंच्या रजेच्या दिवशी काम अडू नये म्हणून त्यांचा पासवर्ड सगळ्या विभागाला सांगून ठेवलेला होता, तोही वरिष्ठांच्या सांगण्यावरून. आतल्या खोलीत कोण होतं ते लॉग सांगू शकत नाही. लॉगला खातं कळतं, माणूस कळत नाही. पण बाईंवरचा आळ त्या दिवशी गेला. नंतर त्यांच्या खात्याच्या गुणधर्मांत ‘लॉग ऑन टू’ या बटणाखाली फक्त त्यांच्या काउंटरच्या पीसीचं नाव टाकून घेतलं आणि रजेच्या बदलीसाठी वेगळं खातं उघडलं.

तेव्हा उठताना विंडोजची कळ आणि ‘एल’ दाबायची सवय लावून घ्या, आणि पासवर्ड कोणी मागितला, अगदी साहेबांनी, तरी देऊ नका. बदली खातं मागा.

प्रश्न : या नोंदी किती दिवस ठेवाव्यात? आणि दोन पीसींच्या नोंदींत सात-आठ मिनिटांचा फरक दिसतो, तो कसा घालवायचा?
– एक वाचक, रावपुरा, वडोदरा

उत्तर : सर्ट-इनच्या (सायबर सुरक्षा बघणारी केंद्र सरकारची संस्था) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग मागचे १८० दिवस जपून ठेवायचे आहेत. ते निर्देश कंपन्या आणि सरकारी संस्थांनाही लागू आहेत, तेव्हा तेवढी मुदत धराच. पीसीवर नको, सर्व्हरवर, आणि त्याची प्रत दुसऱ्या डिस्कवर.

घड्याळांसाठी त्याच निर्देशांत एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या एनटीपी, म्हणजे अचूक वेळ देणाऱ्या, सर्व्हरशी वेळ जुळवायला सांगितलं आहे. डोमेनमध्ये हे एकाच ठिकाणी करायचं असतं: ज्या कंट्रोलरकडे पीडीसी एम्युलेटरची भूमिका आहे तो बाहेरून वेळ घेतो, बाकीचे पीसी डोमेनकडून घेतात. तुमच्या फरकाचा मात्र मला वेगळाच संशय आहे. कर्बेरोस एरवी ५ मिनिटांपर्यंतचाच फरक चालवून घेतं. सात-आठ मिनिटं मागे-पुढे असलेला पीसी डोमेनशी धड बोलतच नसणार, त्याचं लॉगिन बहुधा साठवलेल्या पासवर्डावर होत असेल. त्याच्या लॉगमध्ये प्रकार ११ दिसतो का बघा. दिसला तर पीसी उघडून मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सीआर२०३२ सेल बदला, व्यवस्थापकाच्या कमांड खिडकीतून ‘डब्ल्यू३२टीएम’ने वेळ पुन्हा जुळवा आणि वेळ कुठून घेतली जाते आहे तेही त्याच आज्ञेने विचारा. उत्तरात ‘लोकल सीमॉस क्लॉक’ आलं तर पीसी अजून स्वतःच्याच घड्याळावर चालतो आहे.